दुपारचे दोन वाजलेच नाहीत

नानांनी घराची किल्ली विहिरीत टाकली ती रागाने नाही, घाईत नाही, चुकून तर नाहीच. पूर्ण विचार करून टाकली. भुसावळला त्यांच्या भाड्याच्या घरामागे विहीर होती. एका रविवारी सकाळी दाराला बाहेरून कुलूप घालून नाना कठड्याशी गेले, किल्ली पाण्यात सोडली, बुडबुडे संपेपर्यंत खाली पाहत राहिले आणि मग खिशातून दुसरी, जपून ठेवलेली किल्ली काढून त्यांनी कुलपाला लावली. ती लागली नाही.

काकू, म्हणजे नानांच्या पत्नी, घरात होत्या.

"झालं समाधान?" त्यांनी खिडकीतून विचारलं.

"अगं, वर्षभर ही किल्ली आपण देव्हाऱ्यात जपली. खोटी निघाली," नाना आनंदाने म्हणाले. "आज परीक्षा घेतली म्हणून कळलं. अडचणीच्या दिवशी कळलं असतं तर?"

"आज काय सण आहे का?" काकूंनी गजांमधून चहाचा कप बाहेर दिला. "हा पिऊन बघा. बरा निघाला तर खरा करते."

कुलूपवाला येईपर्यंत नाना ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला ही हकिगत सांगत होते. मीही त्यांतलाच एक, त्या दिवशी काही कामाने भुसावळला गेलेलो. आता मी सांगतो ते डोळ्यांनी पाहिलेलं आहे, पण आमच्याकडे केळीचा घड काट्यावर चढला की दांड्याचं वजन वजा करायची रीत आहे. तसं ऐकणाऱ्याने आपापल्या मनाने दांडा वजा करून घ्यावा. केळी मात्र खरी.

नाना मूळचे धुळ्याकडचे. उंची अशी की एसटीत उभे राहिले तर कंडक्टर त्यांना दांडीऐवजी धरायचा. धुळ्याला एका सूतगिरणीत त्यांनी कम्प्युटर हाताळला होता, आणि त्या काळी खानदेशात कम्प्युटर हाताळलेला माणूस म्हणजे वाघाच्या जबड्यात हात घालून आलेला माणूस. आमच्या रावेरच्या फळविक्री संस्थेने यंत्र घेतलं तेव्हा यंत्राबरोबर नानांनाही आणलं. यंत्र ट्रकमधून आलं ते वाळलेल्या केळीच्या पानांच्या गादीवर. नाजूक माल आम्ही असाच हलवतो. नाना पॅसेंजरने आले. यंत्र वेळेवर पोचलं.

हा माणूस एकुलत्या एका वस्तूवर कधी विसंबला नाही. चष्मे दोन, छत्र्या दोन, धोतराच्या काळात जन्मला असता तर धोतरंही एकावर एक नेसला असता. पण गंमत दोन असण्यात नव्हती. दोन वस्तू पुष्कळांकडे असतात. नाना दुसरीची परीक्षा घ्यायचे. महत्त्वाचं पत्र टाकायच्या आधी त्याच पेटीत स्वतःच्या नावाचं एक कार्ड टाकायचे. ते घरी आलं की मग पत्र. एकदा साडूच्या मुलीच्या लग्नाचं निमंत्रण या पद्धतीने लग्नानंतर पोचलं. कुणी कुरकुर केली तर त्यांचं एकच म्हणणं असायचं. "टाकलं म्हणजे काय? ठेवलं म्हणजे काय? परत येतं का ते सांग." आणि फार तापले की गावाकडची बोली निघायची: "गये ते जाऊ दे भो, परत येस का ते देख."

असा माणूस कम्प्युटरच्या खोलीत बसवल्यावर काय होणार? देवाने पुजाऱ्याला गाभाऱ्यात बसवलं.

आमच्या संस्थेचं काम सांगायला सोपं. सभासद खिडकीवर येऊन नोंद करायचा की माझा बाग कापणीला आला. त्याला नंबर आणि पावती मिळायची. नंबराप्रमाणे ट्रक, नाही तर रेल्वेची वॅगन. केळी कुणासाठी थांबत नाही. घड तयार झाला आणि वेळेत कापला नाही तर झाडावरच पिवळा पडतो, आणि झाडावर पिकलेली केळी दिल्लीला पोचते ती शिकरण होऊन. त्यामुळे पाळी म्हणजे सर्व काही. आमच्या तालुक्यात भावाने बांध कोरला तर माणूस पिढीभरात विसरतो. कुणी पाळी कोरली तर तेराव्याला जेवायलाही येत नाही.

या सगळ्या पाळ्या आता यंत्राच्या पोटात होत्या. म्हणून रोज त्यांची एक नक्कल टेपवर उतरवून ठेवायची. तिला आम्ही बॅकअप म्हणायचो. सोमवारची टेप, मंगळवारची टेप, अशा वारांच्या टेपा. पुढच्या सोमवारी मागची सोमवारची माहिती पुसून तिच्यावर नवी. यंत्राला एकदा सांगून ठेवलं होतं की दुपारी दोनच्या ठोक्याला हे काम आपोआप सुरू करायचं. दोनच का, तर सकाळी खिडकीवर गर्दी, संध्याकाळी विजेचा भरवसा नाही, आणि दुपारी दीड ते अडीच जेवणाची सुट्टी. साडेतीन वाजले की नाना ऑपरेटर ताईंना हाक मारायचे, "ताई, एक माणूस उठवा." म्हणजे टेपेवरून एखाद्या सभासदाची नोंद परत पडद्यावर आणून दाखवायची. आली की नाना खुर्चीत मागे रेलायचे. "आला. आता तो मरत नाही." तो सभासद कधी कधी त्याच वेळी खिडकीत उभा असायचा आणि दचकायचा.

नानांच्या न्यायाचीही एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. आमचे चेअरमन, ज्यांना सगळा तालुका आबा म्हणायचा, त्यांना यंत्राचा इतका लळा लागला की त्यांनी हजेरीही यंत्रावर आणली. आल्या आल्या आपला नंबर दाबायचा. दहानंतर पाव तास उलटला की अर्धी रजा आपोआप कापली जाणार. आता निम्मी कचेरी भुसावळहून पॅसेंजरने यायची. आणि ती पॅसेंजर म्हणजे सासरी निघालेली लेक. प्रत्येक स्टेशनात बसायची, मालगाडीला वाट द्यायची, सावद्याला तर पाणी पिऊन, पदर सावरून, रडून मग निघायची. पहिल्याच आठवड्यात निम्म्या लोकांच्या अर्ध्या रजा गेल्या.

"गाडी लेट आणि माणूस चोर?" नाना म्हणाले. "हा न्याय नव्हे."

ते स्वतः त्याच गाडीने यायचे. ज्या दिवशी गाडीला उशीर, त्या दिवशी ते लांब ढांगा टाकत सगळ्यांच्या पुढे यायचे, मागच्या दाराने यंत्राच्या थंड खोलीत शिरायचे आणि यंत्राचं घड्याळ मागे नेऊन दहावर आणायचे. मग सगळी पॅसेंजर ओळीने नंबर दाबून वेळेवर हजर. आम्ही गावातली मंडळीसुद्धा घरून निघण्याआधी स्टेशनाकडे कान लावून असायचो. गाडीची शिट्टी ऐकू आली नाही की आणखी एक पोळी खायचो. जेवणाच्या सुट्टीत सगळे पांगले की नाना ते मागे पडलेलं घड्याळ पुन्हा पुढे ढकलून भिंतीवरच्या घड्याळाशी जुळवायचे. संध्याकाळी गाडी पकडायची तर जाण्याची वेळ खरी उमटायला हवी ना. हुशार ऐकणाऱ्याच्या ध्यानात काही तरी आलं असेल. आमच्या नव्हतं आलं. आम्ही वेळेवर पगार घेत होतो.

त्या सुमाराला बॅकअप चुकायला लागला. पण त्या सुमाराला पुष्कळ गोष्टी झाल्या: कचेरीला नवा रंग लागला, शेजारी पिठाची गिरणी आली, आबांची कंबर धरली. कशावरही संशय घेता येत होता आणि नानांनी कशालाच मोकळं सोडलं नाही.

चुकायचा तो असा. सोमवारी व्यवस्थित, मंगळवारी बुधवारी गायब, गुरुवारी पुन्हा व्यवस्थित. गायब म्हणजे बिघडलेला नव्हे. बिघडला असता तर यंत्राने पडद्यावर कुरकुर केली असती. इथे कुरकुर नाही, काही नाही. साडेतीनला ताईंनी माणूस उठवायला घेतला की टेपेतून गेल्या आठवड्याची माणसं उठून बसायची. काम सुरूच झालेलं नसायचं. नाना कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर आणि डोळ्यांवरचा कपाळावर करायचे आणि म्हणायचे, "चुकला ना? मग हातानं घ्या." ताई बटणं दाबायच्या, टेप फिरायची, दिवस निभायचा. पण नाना घरी जायचे ते लग्नात चपला चोरीला गेलेल्या माणसासारखे.

जळगावहून कंपनीचा इंजिनिअर आला. त्याने टेपेचं यंत्र उघडलं, कापसाने पुसलं, शेवभाजी खाल्ली आणि 'धूळ' असं निदान करून गेला. रावेरला मे महिन्यात येऊन ज्याला फक्त धूळ दिसली त्याच्यावर काय विश्वास ठेवणार? आमच्याकडे तेव्हा बाजारातून वांगं घेऊन निघालं तर घरी पोचेपर्यंत भरीत तयार असायचं, फोडणी तेवढी द्यायची राहायची.

मग पिठाच्या गिरणीवर संशय. नानांनी गिरणीवाल्याला दोनच्या वेळेला पट्टा उतरवायला लावला. गावाला त्या आठवड्यात भाकरी उशिरा मिळाल्या. बॅकअप आपला चुकतच होता. मग संशय आला चुंबकावर, आणि चुंबक निघाला आबांच्या कमरेला.

त्या काळी चुंबकाच्या पट्ट्याची लाट होती. आबांनी एका फिरत्या माणसाकडून पट्टा घेतला होता आणि त्याने कंबर बरी झाली असं ते प्रत्येक सभेत सांगायचे. निम्म्या तालुक्याने त्यांच्या शब्दावर पट्टे घेतले होते. चुंबकाने टेपेवरची अक्षरं पुसली जातात हे नानांनी वाचलेलं. दुसऱ्या दिवशी आबा थंड हवा खायला खोलीत निघाले तर नाना दारात आडवे.

"पट्टा काढा, आबा."

"काहून?"

"चुंबक आहे. टेपा पुसल्या जातात."

"माही कंबर पुसली जाईल त्याचं काय?" आबा म्हणाले. पण खिडकीत सभासद उभे होते, आणि संस्थेच्या हिताला चेअरमनने नाही म्हणायचं म्हणजे पंचाईत. त्यांनी बंडीखालून पट्टा सोडला.

इथे नानांनी गप्प बसायला हवं होतं. दुसरा कुणीही माणूस पट्टा खुंटीला अडकवून मोकळा झाला असता. पण हातात आलेल्या वस्तूची परीक्षा घेतली नाही तर ते नाना कसले? त्यांनी टाचण्यांची डबी उघडून पट्ट्यावर उपडी केली. एकही टाचणी चिकटली नाही. त्यांनी कात्री धरली. कात्री खाली पडली. मग त्यांनी सगळ्या खिडकीला ऐकू जाईल अशा खुशीत सांगितलं, "घ्या आबा, बांधा परत. यात चुंबकच नाही. टेपांना काही धोका नाही."

आबांनी पट्टा बांधला. त्या दिवसापासून त्यांची कंबर पुन्हा दुखायला लागली आणि निम्म्या तालुक्याचीही. नानांकडे ते अशा नजरेने पाहायला लागले की मी त्यांच्या जागी असतो तर भुसावळलाच राहिलो असतो.

उरला एकच संशय, माणसांचा. कुणी तरी दोनच्या सुमाराला येऊन काही तरी करतं. "मी बसतो पहाऱ्याला," नाना म्हणाले. आणि बसले. दीड वाजल्यापासून यंत्रासमोर खुर्ची टाकून, मांडीवर डबा न उघडता, टेपेच्या फटीवर नजर रोखून. वाघाच्या मचाणावर बसावं तसे. पापणी लवली तर बॅकअप पळून जाईल म्हणून त्यांनी ताईंना समोर बसवून आपल्या पापण्यांवर लक्ष ठेवायला सांगितलं होतं. घड्याळ जुळवायचं कामसुद्धा टेप थांबल्याशिवाय करायचं नाही असं त्यांनी ठरवलं. शिकारीच्या वेळी दुसरं काही नको.

त्या आठवड्यात गाडी रोज लेट होती आणि बॅकअप एकदाही चुकला नाही. भिंतीवर दोन वाजून गेले तरी टेप हलायची नाही, मग आपल्या सवडीने गुरगुर करून फिरायला लागायची. ती उशिरा का हलते हा प्रश्न त्या आनंदात कुणाला पडतो? नाना छाती काढून खिडकीपाशी आले.

"धाक," ते मला म्हणाले. मी नोंदणीच्या खिडकीवरचा कारकून. त्यांची भाषणं ऐकायला मला जागेवरून उठावंसुद्धा लागायचं नाही. "यंत्र असो, माणूस असो. नुसत्या नजरेचा धाक पाहिजे."

"मग आता रोज उपाशी बसणार, नाना?"

"छे. आता त्याला वळण लागलं."

पुढच्या आठवड्यात ते डबा खायला बाहेर गेले, परत येऊन नेहमीप्रमाणे घड्याळ जुळवलं, आणि बॅकअप चुकला. नाना मनातून खचले ते मी तेव्हा पाहिलं. किल्ली खोटी निघाल्यावर हसणारा माणूस, पण ही किल्ली एक दिवस लागत होती आणि एक दिवस लागत नव्हती. खोट्या किल्लीला नाव ठेवता येतं. हिला काय म्हणायचं?

आणि मग तो मंगळवार आला. सोमवारी संध्याकाळी सातपुड्याच्या बाजूने आभाळ भरून आलं होतं. वादळ म्हणजे उभा बाग आडवा. मंगळवारी सकाळपासून खिडकीवर अशी गर्दी की माझ्या टेबलाचा एक पाय उचलला गेला तो दुपारपर्यंत खाली आला नाही. सगळ्यांना पाळी हवी होती, आजच हवी होती. गाडी अर्थातच लेट. नानांनी सकाळी न्याय केला, दुपारी घड्याळ जुळवलं. साडेतीनला ताईंनी माणूस उठवायला घेतला तर मागच्या मंगळवारचा.

"गर्दी संपली की हातानं घेऊ," नाना म्हणाले. गर्दी संपायच्या आत वारं सुटलं, पत्रे उडाले, वीज गेली. ती रात्रभर आली नाही. बुधवारी सकाळी आली ती पाहुण्यासारखी नाही, दरोडेखोरासारखी. खोलीत फट् असा आवाज झाला आणि यंत्राच्या पोटातली तबकडी, जिच्यावर सगळ्या पाळ्या होत्या, ती गेली.

जळगावहून दुपारपर्यंत नवी तबकडी आली. सोमवारची टेप चांगली होती. ती चढवली, सोमवारपर्यंतचा तालुका उठून बसला. मंगळवार मात्र नव्हताच. वर्षातला सगळ्यात मोठा मंगळवार. आणि त्या मंगळवारात नंबर घेतलेले लोक मोडलेले बाग मागे टाकून खिडकीवर उभे होते.

आबा आले. कमरेला पट्टा होता. ते सरळ थंड खोलीत शिरले. खोली आणि माझी खिडकी यांच्यात फक्त एक झरोका, त्यामुळे मलाही ऐकू येत होतं आणि माझ्यामागच्या गर्दीलाही.

"दुपारच्याले इथी कोन ऱ्हाते?" आबांनी विचारलं.

"मी राहते, आबा," ताई म्हणाल्या. "डबा खाते."

"तेच म्हनतो मी. पंख्यासाठी प्लग काढत असशील. उद्यापासून येऊ नको."

"इथे थंड हवेचं यंत्र आहे आबा. पंखा लावायला प्लग कशाला काढू?"

"उलटून बोलू नको. तुह्या काकासासऱ्यानं बी सभेत मले असंच विचारलं होतं."

आता खरी गोष्ट बाहेर आली. ताईंचे काकासासरे गेल्या निवडणुकीत आबांच्या विरोधातल्या पॅनेलमध्ये होते. ताईंच्या घरात मात्र त्या काकासासऱ्यांकडून कधी केळाचं सालही आलं नव्हतं. नवरा अंथरुणाला खिळलेला, घर चालायचं ते याच खुर्चीवर. ताई डब्याची झाकणं लावायला लागल्या. त्यांतलं एक झाकण काही केल्या बसेना.

"थांबा आबा," नाना म्हणाले. "ताईंचा संबंध नाही. त्या वेळेला मीही खोलीत असतो."

"तुमी काय करता?"

"मी? मी डबा खाऊन येतो, या खुर्चीवर बसतो, यंत्राचं घड्याळ पुढे..."

आणि नाना थांबले. तोंड उघडं, हात हवेत, दोन्ही चष्मे कपाळावर. एवढा मोठा माणूस असा थांबलेला मी पुन्हा पाहिला नाही. बंद पडलेल्या मालगाडीसारखे ते उभे राहिले आणि मग अगदी हळू, स्वतःशीच, धुळ्याच्या बोलीत म्हणाले, "दोन वाजनातच नही."

"काय?" आबा म्हणाले.

मला झरोक्यातून सगळं एकदम कळलं. सकाळी गाडीच्या उशिराइतकं यंत्राचं घड्याळ मागे. बाहेर सव्वादोन झाले तरी आत दीडच. नाना येणार आणि एका फटक्यात दीडचे सव्वादोन करणार. मधले दोन? ते त्या यंत्राच्या आयुष्यात आलेच नाहीत. बिचारं दोन वाजण्याची वाट पाहत बसलेलं, आणि दोन त्याच्या डोक्यावरून उडी मारून गेलेले. गाडी वेळेवर आली की घड्याळाला हात लागत नव्हता आणि बॅकअप होत होता. पहाऱ्याच्या आठवड्यात नानांनी टेप फिरून होईपर्यंत घड्याळाला हात लावला नव्हता, म्हणून तेव्हाही होत होता. नजरेचा धाक कसला, हाताची सुट्टी होती ती. महिनाभर तालुकाभर ज्याचा माग काढला तो चोर स्वतःच्याच खुर्चीत बसलेला.

आता नाना गप्प राहू शकत होते. हे घड्याळ त्यांच्याशिवाय कुणाला हलवता येत नव्हतं, आणि आबांना घड्याळातलं काही कळत नव्हतं. बोलले तर स्वतःची नोकरी जाणार, शिवाय पॅसेंजरने येणाऱ्या सगळ्यांच्या हजेऱ्या उघड्या पडणार. दारात ती सगळी मंडळी उभी होती, आणि कुणी नानांकडे पाहत नव्हतं. खोलीत फक्त ताईंच्या त्या न बसणाऱ्या झाकणाचा आवाज येत होता.

नानांनी जाऊन ते झाकण दाबून बसवलं.

"चोर सापडला, आबा," ते म्हणाले. "मीच." आणि त्यांनी सांगितलं. घड्याळ मागे नेल्याचं, पुढे आणल्याचं, दोन न वाजल्याचं. "कुणी मला सांगितलं नव्हतं. कुणाला विचारलंही नाही. परवलीचा शब्द माझ्याच डोक्यात आहे, त्यामुळे दुसरं कुणी करूही शकत नाही."

"पन काहून केलं असं?" आबांचा आवाज थंड खोलीलाही गारठवणारा होता.

"आबा, तुमची केळी वॅगनमध्ये सडते तेव्हा दोष कुणाला देता? कापणाऱ्याला की पानं बांधणाऱ्याला?"

"रेल्वेले देतो. त्याचं काय?"

"ही माणसंही त्याच रुळांवरून येतात."

आबा काही बोलणार तोच माझ्या मागून, गर्दीतून, एक म्हातारे सभासद झरोक्याशी वाकले. त्यांचा अर्धा बाग आदल्या दिवशी आडवा झाला होता, पण जीभ उभी होती. "खरं बोलते तो. माहा माल मागच्या साली इटारसीलेच पिकला, आबा. तव्हा तुमी मले म्हटले, रेल्वेपुढं कोनाचं चालते भाऊ. तव्हा कोनाची अर्धी रजा कापली?"

मागे लोक हसले. निवडणुकीला उभा राहणारा माणूस हसणाऱ्या गर्दीकडे पाठ करून फार वेळ उभा राहत नाही. आबांनी नकळत कमरेला हात लावला, पट्टा चाचपला, आणि मला वाटतं त्या पट्ट्याचीही त्यांना आठवण झाली. या माणसाला हाकललं तर तालुका आधी पट्ट्याचीच गोष्ट सांगेल याचीही.

"ताईनं डबा भाईर खायाचा," ते शेवटी म्हणाले. "उद्यापासून गाडी येईल तव्हा हजेरी. घड्याळाले कोनी हात लावायचा नाही. आन् तुमी," त्यांनी नानांकडे बोट केलं, "मंगळवार परत भरेपर्यंत या खिडकीत बसायचं. हरेक मान्साले आपल्या तोंडानं सांगायचं, चूक माही व्हय म्हनून."

पावत्या होत्या लोकांकडे, म्हणून मंगळवार परत मिळाला. रिक्षावर भोंगा लावून गावोगाव सांगितलं की पावती घेऊन या. पावत्या आल्या त्या ओल्या, चुना लागलेल्या, पोराने मागे चित्र काढलेल्या, एकीत तर शेंगदाणे होते. नाना माझ्या शेजारी बसून एकेक नंबर लावत होते आणि शिक्षा म्हणून प्रत्येकाला सगळी गोष्ट सांगत होते. पहिल्या दिवशी ती साधी होती. दुसऱ्या दिवशी तिच्यात विहीर आली. तिसऱ्या दिवशी लोक पावती नसताना नुसतं ऐकायला यायला लागले. म्हणजे हा दांडा काही माझा एकट्याचा नाही.

नाना पुढे बरीच वर्षं होते. घड्याळाला त्यांनी पुन्हा हात लावला नाही. उलट साडेतीनच्या जोडीला सव्वादोनलाही एक माणूस उठवायला लागले.

ते निवृत्त झाले तेव्हा निरोपाचा कार्यक्रम आबांनी दुपारी दोनला ठेवला. जेवणाची सुट्टी, सगळे हजर, हार तयार. ताई त्या दिवशी सकाळपासून कुणाशी बोलत नव्हत्या. पावणेदोनला त्या एक स्टूल घेऊन आल्या, भिंतीवरच्या मोठ्या घड्याळाखाली ठेवलं, त्यावर चढल्या आणि सगळ्यांसमोर मोठा काटा बोटाने फिरवून सव्वादोनवर नेला. मग खाली उतरून पदराला बोट पुसत नानांसमोर उभ्या राहिल्या.

"दोन वाजलेच नाहीत, नाना," त्या म्हणाल्या. "कार्यक्रम चुकला. तुम्ही उद्या या."

कुणी हसलं नाही. पॅसेंजरची मंडळी जमिनीकडे पाहत होती. आबा हार धरून बसले होते, त्यांनी तो मांडीवर ठेवला. नानांनी घड्याळाकडे पाहिलं. कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर आणला, डोळ्यांवरचा काढून पुसला, पुन्हा घड्याळाकडे पाहिलं. मग ते खुर्चीवरून उठले, आमच्यासमोर आले आणि हारासाठी ती उंच मान खाली वाकवली.

"चुकला ना?" ते म्हणाले. "मग हातानं घ्या."